व्हाळाचं पाणी तापतं तेव्हा

मे महिन्याची सुट्टी लागली की सावंतवाडी, बांदा, कुडाळकडची कितीतरी कुटुंबं मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन आंबोलीला जातात. धबधबे आटलेले असतात, पण हवा खालच्यापेक्षा बरी असते. मोठी माणसं सावलीत चटई अंथरून बिर्याणीचं पातेलं उघडतात आणि मुलं मामू-चाचांबरोबर गरी घेऊन व्हाळावर पळतात. या दिवसांत कोंडीतला मासा पटकन हाती लागतो, असं सगळेच सांगतात. ते खरंच आहे. पण का लागतो, हे आम्ही शाळेत विज्ञान शिकवणारी माणसं म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी ३० अंशांवर गेलं की साडेसातच. आंबोली जवळजवळ ७०० मीटर उंचीवर, हवा जरा विरळ, म्हणून तिथं याहूनही थोडा कमी. दुसरीकडे माशाच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर वाढतं. अंग तापलं की शरीराची कामं वेगानं चालतात आणि प्राणवायू जास्त लागतो. मिळकत घटली आणि त्याच महिन्यात घरखर्च वाढला, तर कुटुंबाचं जे होतं तेच त्याचं होतं.

मग तो गारवा शोधतो. आंबोलीचा माथा जांभ्या दगडाचा. पावसाळ्यात तिथं महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसापैकी पाऊस पडतो, तो या सच्छिद्र दगडात मुरतो आणि खाली झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतो. जमिनीच्या पोटातलं पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागतं, कारण वरच्या उन्हाथंडीचा त्याला पत्ता नसतो. व्हाळ आटला तरी असा झरा जिथं कोंडीत उतरतो, तिथं पाणी थंड राहतं. उघड्या कातळावरच्या पाण्यात आणि जांभळीच्या सावलीतल्या झऱ्याच्या तोंडाशी एकेक पाय घालून बघा, फरक लगेच कळेल. व्हाळभर पांगलेले मासे मे महिन्यात अशा एखाद्या खाटेएवढ्या जागेत गोळा होतात. म्हणून गरी टाकली की लागतात, आणि पाग टाकला तर सगळेच येतात.

सूरह अल-आराफमधली समुद्रकाठच्या वस्तीची हकीकत वाचकांना ठाऊक आहेच. ज्या दिवशी शिकार मना होती, नेमके त्याच दिवशी मासे उघड उघड वर येत, इतर दिवशी येत नसत. मे महिन्यातली कोंड पाहिली की आम्हाला दरवेळी ती आठवते. सोपी मिळणारी शिकारच कधी कधी आजमाइश असते.

कारण या कोंडीत जे तगतात, तेच पुढच्या वर्षाचं बियाणं. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडून व्हाळ वाहू लागले की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. चढणीच्या माशांची वाट कोकणात कोण पाहत नाही? पण ते आभाळातून पडत नाहीत. त्यातले बरेचसे उन्हाळाभर याच डबक्यांत श्वास मोजत बसलेले असतात. मे महिन्यात कोंड उपसली की त्या व्हाळाची चढण संपली. मरळ आणि मांगूर पाण्याबाहेरची हवाही घेऊ शकतात, त्यामुळे ते चिखलातही टिकतात. वाहत्या, स्वच्छ पाण्यात राहणाऱ्या लहान माशांना ती सोय नाही.

काही जण गरी-पागावर थांबत नाहीत. ब्लीचिंग पावडर टाकतात, रानातली गेळफळं ठेचून टाकतात, कुठं जिलेटिनचा बार उडवतात. पाण्यात विष किंवा स्फोटक टाकून मासे मारणं इंग्रजांच्या राज्यात १८९७ सालीच कायद्यानं गुन्हा ठरलं होतं. त्याच व्हाळाचं पाणी खालच्या वाडीतली गुरं पितात, बायका त्यातच कपडे धुतात. विनाकारण मारलेली चिमणीसुद्धा कयामतीला अल्लाहकडे दाद मागेल, अशा अर्थाची हदीस आहे. बोटभर पिल्लांनी भरलेली, पोट वर करून तरंगणारी कोंड पाहून तिची आठवण होऊ नये, हे नवल.

हिरण्यकेशी नदी आंबोलीतच एका गुहेतून उगम पावते आणि आजरा, गडहिंग्लजकडे पूर्वेला वाहत जाते. उगमापाशी महादेवाचं मंदिर आहे. त्या पाण्यात २०२० साली तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी एका छोट्या रंगीत माशाची नवी प्रजाती नोंदवली, शिस्तुरा हिरण्यकेशी. लोक त्याला देवाचा मासा म्हणतात. २०२१ च्या मार्चमध्ये राज्य सरकारनं ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली; मासेमारीमुळे ही प्रजाती नाहीशी होईल, ही त्यामागची चिंता होती. महाडजवळच्या वाळणकोंडीतले मोठे मासेही असेच श्रद्धेनं राखलेले. आपल्याकडेही मदिन्याच्या हरममध्ये शिकार आणि झाडतोड मना आहे. जागा राखून ठेवण्याची ही रीत आपल्याला परकी वाटण्याचं कारण नाही. तेव्हा तिथं गरी घेऊन जाऊ नये, मुलांनाही आधीच सांगून ठेवावं.

इतर व्हाळांवर जायचं असेल, तर एक थर्मामीटर बरोबर घ्या. तापाचा नव्हे! तो ३५ अंशांच्या खाली काही दाखवतच नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा, लाल द्रवाचा, पारा नसलेला. दोरी बांधून सावलीतल्या पाण्यात कोपरभर खोल दोन-तीन मिनिटं धरा आणि पाण्यात असतानाच आकडा वाचा. बाहेर काढला की तो बदलतो. एकदा फजरनंतर, एकदा जुहर आणि असरच्या मध्ये. मुलांना वहीत लिहायला लावा, सुट्टीचा अभ्यासही होईल. वाहत्या पाण्यात पहाट सर्वांत बरी. शेवाळानं हिरव्या झालेल्या साचलेल्या डबक्यात मात्र उलट असतं: पाणी पहाटे थंड असलं तरी रात्रभर शेवाळानं प्राणवायू खाल्लेला असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर आकडा बघण्याचीही गरज नाही. गरी गुंडाळावी.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नदीचं पाणी सलग तीन दिवस २३ अंशांच्या आसपास गेलं की दुपारी २ ते मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवतात. तिथला ट्राउट थंड पाण्याचा, तो आकडा आपल्या माशांना लागू नाही. आपले मासे जास्त ऊन सोसतात. पण दुपारी थांबायची पद्धत घेण्यासारखी आहे. पकडून, फोटो काढून परत सोडण्याचा तिकडचा छंद मात्र आम्हाला पटत नाही. गरम पाण्यात झगडून दमलेला मासा सोडल्यावरही अनेकदा मरतो. घरी जितके खायचे तितकेच, मोठे तेवढे, आणि सकाळीच धरावेत.

एक मसला नेहमी विचारला जातो. आपोआप मरून तरंगणारा मासा शाफई मसलकात खातात आणि कोकणी मुसलमान बहुतेक शाफईच आहेत. हनफी मसलकात तो खात नाहीत, मात्र पाण्याच्या उष्णतेनं मेलेल्या माशाची चर्चा त्यांच्या किताबांत वेगळी आली आहे. आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावं. पण मसलक कोणताही असो, व्हाळात एकाच वेळी पुष्कळ मासे उलटे दिसले, तर ते उन्हानं मेले की पावडरीनं, हे काठावर उभं राहून कळत नाही. ते उचलून घरी आणू नयेत, मांजरालाही घालू नयेत, आणि खालच्या वाडीत निरोप द्यावा की आज गुरं पाण्यावर नेऊ नका.