छातीत दुखलंच नाही

गेल्या डिसेंबरात आमच्या घरी चुलत बहिणीचं केळवण होतं. रात्री साडेदहाला पाहुणे गेले आणि बाबा खुर्चीत टेकले ते उठेचनात. इंदूरच्या त्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता.

"श्रीखंड जरा जास्तच झालं," ते म्हणाले. आईने ओवा आणि काळं मीठ दिलं, मी ॲसिडिटीची गोळी दिली. बाबांना अठरा वर्षांपासून मधुमेह. मनात शंका आली म्हणून मी विचारलं, "बाबा, छातीत दुखतंय का?"

"नाही रे."

तेवढ्या उत्तरावर मी निर्धास्त झालो आणि झोपायला गेलो.

पहाटे पाचला पाणी प्यायला उठलो, तर बाबा पलंगावर पाय खाली सोडून बसलेले. आडवं झालं की धाप लागते म्हणून रात्रभर ते तसेच बसून होते. "तुला सकाळी ऑफिस, झोप कशाला मोडायची?" म्हणाले.

हॉस्पिटलमध्ये ईसीजी काढल्याबरोबर डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधी सुरू झाला?" साडेदहा म्हणताना माझी जीभ अडखळली. मोठा हार्ट अटॅक होता आणि आम्ही जवळजवळ सात तास घरात घालवले होते. ॲंजिओप्लास्टी झाली, बाबा वाचले. पण हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्क्यांवर आली. ती साधारण ५५ च्या वर असायला हवी. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी पिशव्या घेऊन चढणारे बाबा आता पहिल्या मजल्यावर थांबून श्वास घेतात.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. अनेक वर्षांच्या मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात हे आपल्याला ठाऊक असतं, पण हृदयाकडून वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसांचंही तसंच होऊ शकतं. मी सॉफ्टवेअरवाला, मला ते लगेच कळलं. अलर्ट आला नाही म्हणजे सर्व्हर ठणठणीत आहे असं नसतं. कधी अलर्ट पाठवणारी यंत्रणाच बंद पडलेली असते. आमच्या कामात हे मी रोज तपासतो. घरी मात्र तपासलं नाही.

वेदना नसलेले झटके दुर्मीळही नाहीत. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासात असं दिसलं, की चारांपैकी एकाहून अधिक झटके त्या वेळी ओळखलेच गेले नव्हते. पुढे नेहमीच्या ईसीजीत त्यांची खूण सापडली. रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली की साधारण अर्ध्या तासात हृदयाचा स्नायू मरू लागतो. म्हणून जितकं लवकर पोहोचू, तितकं हृदय वाचतं.

तेव्हा घरात कुणाला मधुमेह असेल, तर "छातीत दुखतंय का?" एवढंच विचारून थांबू नका. अचानक घाम, धाप, कधी नव्हे असा थकवा, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, जबडा, खांदा, हात किंवा पाठ दुखणं, यांतलं एखादं लक्षणही पुरे. बायकांमध्ये तर अशी लक्षणं बरेचदा दिसतात, आणि "स्वयंपाकाने दमले असेन" म्हणून आई ती अंगावर काढते.

घाम शुगर उतरल्यानेही येतो, म्हणून घरच्या मशीनवर लगेच तपासा. ७० च्या खाली असेल तर साखर द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघा. शुगर उतरलेली नसेल, किंवा ती सावरूनही त्रास राहिला, तर थेट १०८ ला फोन. धाप लागली असेल किंवा छातीत दुखत असेल, तर शुगर बघत बसू नका, आधी फोन करा. रुग्णाला स्कूटरवर बसवू नका, जिने चढायला लावू नका. ईसीजीची सोय रात्री कुठे आहे, हे आजच विचारून ठेवा. आणि पहिला ईसीजी चांगला आला तरी डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा. रक्ताची ट्रोपोनिन तपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागते.

बाबांच्या पलंगाशी आता आम्ही एक बेल बसवली आहे. मागच्या महिन्यात ती रात्री दोनला वाजली. डावा खांदा जड वाटत होता. वीस मिनिटांत आम्ही हॉस्पिटलात होतो. दोन्ही वेळचे रिपोर्ट चांगले आले, सकाळी आठला सुटी मिळाली.

"उगाच तुझी झोप मोडली," बाबा गाडीत ओशाळून म्हणाले.

"पुढच्या वेळीही मोडा," मी म्हटलं. वाटेत थांबून दोघांनी पोहे खाल्ले, जिलबी न घेता.