चिबडाचं बी, फुलाची राखण

गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या घरात पाऊल टाकावं, तर माजघरात ठेवलेला चिबूड डोळ्यांआधी नाकाला सापडतो. पिकला की त्याची साल आपोआप तडकते. आतला पिठूळ गर तसा फिकाच. गूळ आणि नारळाचं दूध पडलं की मात्र वाटी रिकामी व्हायला वेळ लागत नाही. गोव्यात तो गणपतीच्या वर बांधलेल्या माटोळीलाही टांगतात.

देशावरचं शेंदाड याच गोतातलं. पिकलं की लगेच मऊ पडून फुटणारं. बढाईखोर भित्र्याला आपण ‘शेंदाडशिपाई’ म्हणून मोकळे झालो. पण या फळानं परदेशात शिपाईगिरी केली आहे. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल खोऱ्यात भुरी रोगानं खरबुजाचे मळे झोपवले. रोगाला दाद न देण्याचा गुण सापडला तो भारतातून गेलेल्या बियाण्यात, आणि त्याच्या संकरातून ‘पीएमआर ४५’ ही जात उभी राहिली. पुढे ‘पीआय ४१४७२३’ या क्रमांकानं जपलेलं भारतीय शेंदाडाच्या जातकुळीचं बियाणं माव्याशी आणि भुरीशी झुंजण्यासाठी जगभरच्या पैदासकारांनी वापरलं. २०१९ मध्ये १,१७५ वाणांच्या जनुकीय अभ्यासातून असं दिसलं, की माणसानं खरबूज-चिबडाच्या या गोताला तीनदा स्वतंत्रपणे माणसाळवलं. त्यांतल्या दोन वेळा भारतात.

हा वारसा परसात टिकवणं सोपं वाटतं. खाल्लेल्या फळाचं बी धुतलं, वाळवलं, मृगाला पेरलं. मीही तेवढंच केलं आणि फसलो. दुसऱ्या वर्षी फळं आली ती ना चिबूड ना खरबूज. साल जाड, वास नावाला. घरात दोष शेजारच्या काकडीवर गेला. काकडी मात्र निर्दोष होती. तिची गुणसूत्रं १४, चिबडाची २४. त्यांचा संकर असा परसात होत नाही. खरा गुन्हेगार होता बांधावर लावलेला खरबुजाचा वेल. खरबूज, चिबूड, शेंदाड या सगळ्यांची प्रजाती एकच, कुकुमिस मेलो, आणि मधमाशीला कुंपण कळत नाही. पहिल्या वर्षीचं फळ खाताना काही जाणवलं नव्हतं, कारण गर आईचाच असतो. भेसळ बियांत लपते आणि पुढच्या पावसाळ्यात उगवते.

म्हणून आता राखण फुलापासून सुरू होते. उंच केलेल्या आळ्यात शेणखत आणि राख घालून तीन-चार बिया टोचायच्या, जोमदार दोन रोपं ठेवायची. पाणी साचलं तर मुळं कुजतात. आधी नरफुलं येतात, ती गळली म्हणून घाबरू नये. मागून बगलफुटीवर मादीफुलं येतात; पाकळ्यांखाली बोटभर नाही, पण स्पष्ट दिसेल असं इवलं फळ असतं. उद्या उमलणारी एक नरकळी आणि एक मादीकळी संध्याकाळी ओळखून दोऱ्यानं हलकेच बांधायची. सकाळी नरफुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादीच्या टोकावर फिरवायचा आणि मादीफूल पुन्हा बांधायचं. देठाला रंगीत दोरा. सगळी फुलं धरत नाहीत, म्हणून दहा बांधावीत. धरलेल्या फळाला फळमाशीपासून वाचवायला कापडी पिशवी घालायची. किडकी फळं खोल पुरायची.

इथे चिबूड काकडीपेक्षा उदार आहे. काकडीचं बी धरायचं तर ती वेलीवर पिवळी होऊन जून व्हावी लागते. खाण्यावर पाणी सोडावं लागतं. चिबडाचं बी आणि चव एकाच दिवशी पिकतात. सालीला चीर पडली, वास सुटला, की गर ताटात आणि बी पाण्यात. तरंगणारं पोचट फेकायचं, तळाशी बसलेलं सावलीत वाळवायचं. वाकवताच कटकन मोडलं, की राखेसकट डब्यात.

पीकवाणांच्या संरक्षणासाठीच्या २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला असं बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. शेजारच्या काकू यंदा बी मागायला आल्या तेव्हा पुडीवर साल लिहिलं, आणि खाली एक ओळ: ‘बांधलेल्या फुलाचं’. त्यांनी वाचून विचारलं, “म्हणजे पहाटे उठायचं?” म्हटलं, “काकू, संध्याकाळीसुद्धा.”