‘परवा’ म्हणजे कधी?

मुलाला आधी काय उमगते, काळ की वेग? १९२८ साली दावोस येथे आइन्स्टाइन यांनी हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांना विचारला. पियाजे यांनी १९४६ साली त्यावर ग्रंथच लिहिला. त्यांचा एक प्रयोग साधा आहे. दोन खेळणी एकाच वेळी सुटतात, एकाच वेळी थांबतात. वेगवान खेळणे पुढे जाते. पाच-सहा वर्षांचे मूल हमखास म्हणते, पुढे गेलेले जास्त वेळ चालले. त्याच्या लेखी वेळ आणि अंतर अजून वेगळे झालेले नसतात.

भाषेतही हेच दिसते. तीन-चार वर्षांचे मूल गेल्या दिवाळीलाही ‘काल’ म्हणते. मागचे सगळे ‘काल’, पुढचे सगळे ‘उद्या’. दिशा कळलेली असते; किती मागे, किती पुढे हे नव्हे. त्यात मराठीतला ‘परवा’ दोन्हीकडे जातो. कुठला ते क्रियापदावरून ओळखायचे. अशा मुलाला ‘खोटं बोलतोस’ म्हणून दटावणे अन्यायाचे आहे. ‘मामा परवा येईल’ यापेक्षा ‘दोनदा झोपून उठलास की मामा येईल’ हे त्याला चटकन पटते. न दिसणारा दिवस त्याला मोजता येत नाही. झोप मोजता येते.