फिनॉल मोडायला वीज किती लागते?

रसायनशास्त्र शिकणाऱ्यांना फिनॉलमधले बेंझिनचे वलय किती चिवट असते ते ठाऊक आहेच. वीज मात्र ते तोडू शकते.

पाण्यातला फिनॉल धनाग्रावर इलेक्ट्रॉन गमावतो. आधी हायड्रोक्विनोन, मग बेंझोक्विनोन बनते. पुढे वलय फुटून मॅलेइक व ऑक्झॅलिक आम्ल आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड उरतो. एका रेणूमागे 28 इलेक्ट्रॉन! हिशेब केला तर एक ग्रॅम फिनॉलसाठी सुमारे 8 अँपिअर-तास वीज लागते, तीही एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही तर. प्रत्यक्षात बरीच वीज पाण्यातून ऑक्सिजन काढण्यात जाते.

खरी अडचण धनाग्राच्या पृष्ठभागावर आहे. प्लॅटिनमवर अर्धवट ऑक्सिडीकरण झालेले रेणू एकमेकांना जोडले जाऊन चिकट थर बसतो आणि प्रवाह मंदावतो. बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याच्या पातळ थरावर पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात. ती पृष्ठभागाला घट्ट धरून राहत नाहीत, समोर येईल तो सेंद्रिय रेणू जाळतात. म्हणून हे धनाग्र महाग असूनही सरस ठरते.

पिण्याच्या पाण्यात फिनॉलयुक्त संयुगांची भारतीय मानक मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम आहे. सांडपाण्यात मीठ असेल तर विशेष जपा: धनाग्रावर क्लोरीन सुटतो आणि मूळ फिनॉलपेक्षा घातक क्लोरोफिनॉल तयार होऊ शकतात.