गावाला मदत किती आली, ते विचारा!

शेतकरी बंधूंनो, अतिवृष्टीने पीक गेले, पंचनामा झाला, मदतही जाहीर झाली. पण गावाला किती आली, हे विचारायला आपण उगीच कचरतो. हा पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतला, म्हणजे सरकारी तिजोरीतला. त्याचा हिशेब मागता येतो.

आधी घरीच आकडेमोड करा. पीक ३३ टक्के किंवा जास्त गेले तरच मदत बसते. २०२२ ते २०२६ साठी केंद्राने जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये दर धरला, दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे दीड हेक्टर कपाशीचे झाले १२,७५०. राज्य कधी वाढवूनही देते; ते त्या वर्षीच्या शासन निर्णयात पाहावे.

रक्कम कमी पडली तर तहसील कचेरीत जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज द्या. त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. आपल्या गटाच्या पंचनाम्याची नक्कल मागा, शिवाय गावाला मंजूर झालेली आणि वाटलेली एकूण रक्कम. "पैसे कुणी खाल्ले?" असे लिहू नका, त्याला उत्तर येत नाही, कागद मागितला की कागद मिळतो. अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयावर असावा. पोच मात्र न विसरता घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा.