खोडकर पिस्की, भानामती आणि आपला प्रमाद

इतवारीतील दुकान उघडण्याची वेळ झालेली असते आणि तिजोरीची किल्ली नेमकी खुंटीवर नसते. स्वयंपाकघरात दूध उतू जाते आणि कालची रोकड पन्नास रुपयांनी कमी भरते. अशा सकाळी घरात पहिला प्रश्न उमटतो : "हे कोणी केले?"

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल प्रांतातील लोकांनी या प्रश्नाचे एक गमतीदार उत्तर शोधले होते. तेथील लोककथांत 'पिस्की' नावाचे इवलेसे खोडकर जीव आहेत. ते रात्री घोड्यांवर रपेट करतात, त्यांच्या आयाळीला गाठी मारतात आणि वाटसरूंना भुलवून ओळखीच्याच शेतात गोल गोल फिरवतात. त्यावर उपाय एकच : अंगातील कोट उलटा करून घालायचा! रॉबर्ट हंट यांनी या प्रदेशातील अशा कथांचा संग्रह १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. दोष पिस्कीच्या माथी मारला की बहुधा हसून विषय संपत असे.

आपल्याकडे असाच विषय पुष्कळदा हसण्यावारी जात नाही. घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेटतात, अन्नात घाण सापडते. मग 'भानामती' हा शब्द उच्चारला जातो आणि संशयाची सुई एखाद्या विधवेकडे, सुनेकडे किंवा शेजारणीकडे वळते. प्रा. श्याम मानव यांनी १९८२ मध्ये नागपुरात स्थापन केलेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा अनेक घरांत जाऊन शोध घेतला. या प्रकारांमागे माणसाचाच हात असतो, आणि तो बहुधा घरातल्याच एखाद्या घुसमटलेल्या व्यक्तीचा असतो, असे त्यांना आढळले. अशा व्यक्तीला शिक्षेपेक्षा आधाराची गरज अधिक असते.

डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने गुरांचे दूध आटवते, असा आळ घेऊन तिचे जगणे कठीण करणे हा आता गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो.

जैन दर्शन भूत-पिशाचांना व्यंतर देवांत गणते. परंतु आपल्या सुखदुःखाचे खाते त्यांच्या हाती सोपवीत नाही. ते खाते ज्याच्या त्याच्या कर्माचे असते. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त लोकमूढता आणि देवमूढता यांपासून श्रावकाला सावध केले आहे. 'तत्त्वार्थसूत्र' कर्मबंधाच्या कारणांत प्रमादाची गणना करते. वस्तू पाहून उचलणे व पाहून ठेवणे ही आदान-निक्षेपण समिती मुनींसाठी सांगितली आहे खरी. पण तिचा अल्पसा अंश गृहस्थाने पाळला, तरी किल्ली खुंटीवर सापडेल आणि उघड्या भांड्यात जीव पडणार नाही.

रोकड जुळली नाही, तर कसलेला मुनीम भुताला बोलावत नाही. तो कीर्दीतील नोंदी पुन्हा तपासतो. आपल्या जुन्या बिलांच्या तळाशी 'चू. भू. द्या. घ्या.' असे छापलेले असे. चूक माणसाकडूनच होते आणि ती माणसानेच सांभाळून घ्यायची असते, हा व्यापारी पेढीचा रिवाज घराच्या उंबरठ्याआतही चालावा. कोणावर आळ घेण्यापूर्वी एकदा आपलीच वही उघडून पाहावी.