सांगोला ते रत्नागिरी : सायकलीची एक दीर्घ मजल

ज्या मुलुखात वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि माण नदीचे पात्र बहुतेक महिने कोरडेच असते, त्या सांगोला तालुक्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 166 नागज, कवठे महांकाळ, मिरज, कोल्हापूर, मलकापूर अशी ठाणी मागे टाकीत आंबा घाटाने सह्याद्री उतरतो आणि रत्नागिरीस समुद्राला जाऊन भिडतो. सुमारे 280 किलोमीटरांच्या या वाटेवर डाळिंबाच्या बागा, अंकलीच्या पुलावर कृष्णा ओलांडल्यानंतरचा ऊस आणि शाहूवाडीचे घनदाट अरण्य अशा तीन भिन्न सृष्टी सायकलस्वाराच्या दृष्टीस क्रमाने पडतात.

तथापि या मार्गाची खरी परीक्षा जाण्यात नाही, परतण्यात आहे. कारण सांगोल्याहून जाताना जो घाट उताराचा असतो, तोच घाटाखालच्या साखरप्याहून परतताना, पाय आधीच थकलेले असता, चढाचा होऊन समोर उभा ठाकतो. शंभर मीटरांस पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर माणूस व सायकल मिळून 80 किलो वजन ताशी 10 किलोमीटर वेगाने वर न्यावयाचे, तर केवळ त्या वजनापायी सुमारे 110 वॉट शक्ती खर्ची पडते, आणि वेग 15 वर नेताच हाच खर्च 160 वॉटच्या पलीकडे जातो. म्हणून जाणता सायकलस्वार घाटाच्या पायथ्याशीच पुढील लहान आणि मागील मोठ्या चक्रावर साखळी आणून, श्वास न तुटेल अशा संथ लयीत पायडल फिरवीत राहतो. सपाटीवर वैरी निराळा, तो म्हणजे वारा : वेग ताशी 20 वरून 30 वर गेला की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो.

तेव्हा दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये बळापेक्षा बळाचा जमाखर्च श्रेष्ठ ठरतो, आणि हंडाभर पाणी दिवसभर पुरवून वापरणाऱ्या माणदेशी माणसाला ही काटकसर शिकवावी लागत नाही. तहान लागण्यापूर्वी घोट घ्यावा, भूक लागण्यापूर्वी केळे किंवा गूळ-शेंगदाणे तोंडात टाकावेत, घामावाटे गेलेले मीठ भरून काढावे. उतारावर ब्रेक सतत आवळून न धरता थांबून थांबून दाबावेत. आणि गळीत हंगामात रात्री दिव्यावाचून चालणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांपासून विशेष सावध असावे.

या साधनेस जगन्मान्य मोजमापही आहे. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार होणाऱ्या ब्रेव्हे प्रकारात कोणाशीही शर्यत नसते. 200 किलोमीटरांस साडेतेरा तास, 300 ला वीस, 400 ला सत्तावीस आणि 600 ला चाळीस तास अशी मुदत असते, आणि ती पाळणे एवढेच साध्य असते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ किंवा नाशिकचे महाजन बंधू अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत पुरी करून आले, तेही अशाच दीर्घ अभ्यासाच्या बळावर. सांगोल्याच्या तरुणाने आरंभी मिरजेपर्यंत जाऊन परत यावे, हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर भरते. ते साडेतेरा तासांत, दुसऱ्या दिवशी नित्याचे काम करता येईल इतक्या शिलकी बळाने ज्याला साधेल, त्याने खुशाल आंबा घाटाची तजवीज करावी.